हातच्या दागिन्यांना घाऊक गिऱ्हाईक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थिनी व माता-पालकांपुढे केलेले भाषण)





वार्षिक समारंभात बोलण्यासाठी मला बोलावले, हा मी माझा मान समजते. अशा व्यासपीठावरून डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलतात. मी त्यांच्यापैकी नाही. मी मणियाराची मुलगी. माझे अब्बा होळीच्या सुमारास सैलानीच्या जत्रेत आणि आश्विनात देऊळगावराजाला बालाजीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडीत. पालात त्यांच्या शेजारी बसून फुटलेली काच वेचून डब्यात भरणे, हे माझे पहिले शिक्षण. पुढे शाळा शिकले, लग्न झाले, आणि घरखर्चाला हातभार म्हणून रेशमी दोऱ्याच्या बांगड्या, मण्यांच्या माळा, कानातली करू लागले. आज मोहल्ल्यातल्या अकरा बायका माझ्याबरोबर हे काम करतात. माझी पात्रता काय ती एवढीच.

भाषणाआधी बाईंनी मला मुलींच्या हस्तकलेची खोली दाखविली. तोंडदेखली स्तुती करीत नाही, पण तेथली काही कानातली मी बाजारात दाम देऊन घेतली असती. तेथे एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, "आपा, पाहायला येणारे सगळे छान म्हणतात. पण घेतात एक नाहीतर दोन नग. अम्मी म्हणते, हा खेळ पुरे झाला, बारावीनंतर मजुरीच्या शिलाईला बस. एकदम माल घेणारा कोणी मिळेल का?"

मी काही दुसरेच बोलायचे ठरवून आले होते. ते बाजूला ठेवते आणि या मुलीच्या प्रश्नाचेच उत्तर देते. कारण तो प्रश्न दिसतो बांगड्यांचा, पण त्यात तिचे कॉलेज अडकले आहे.

प्रथम हे समजून घेऊ या की घाऊक गिऱ्हाईक म्हणजे कोण. जो स्वतः घालण्यासाठी घेतो तो किरकोळ गिऱ्हाईक. त्याला एक नग आवडला की काम झाले. जो पुढे विकण्यासाठी घेतो तो घाऊक. त्याला एक नग आवडून भागत नाही. त्याला खात्री हवी असते की आज पाहिलेल्या नगासारखाच शंभरावा नग असेल, तो ठरलेल्या दिवशी मिळेल, आणि पुढल्या महिन्यात मागितला तरी त्याच भावाने मिळेल. आपण त्याला नक्षी दाखवितो, आणि तो शोधत असतो भरवसा. आपल्या बहुतेक बहिणींचा माल सुंदर असूनही येथेच अडतो.

घाऊक गिऱ्हाईक का हवे, हेही सांगते. उत्तर प्रदेशात फिरोजाबाद हे काचेच्या बांगड्यांचे शहर आहे. अब्बांच्या दुकानातल्या बहुतेक बांगड्या तिकडच्याच. भट्टीतून निघालेले काचेचे वेढे तेथे घराघरांत जातात, आणि बायका-मुले ज्योतीवर एकेका बांगडीचा सांधा जोडतात. या कामाची मजुरी नगांच्या मोजणीवर मिळते. ही बांगडी बुलढाण्यात काय भावाने विकली जाते, हे त्या बाईला ठाऊक नसते. तिने कधी घेणारा पाहिलेला नसतो. तिला तिच्या दारात माल टाकणारा आणि नेणारा माणूस तेवढा माहीत. हात तिचे, डोळे तिचे, पण माल तिचा नव्हे. अशा घरी बसून काम करणाऱ्या बायका जगभर आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला, आणि त्यामागे आपल्याकडच्या इलाबेन भट यांनी अहमदाबादेत १९७२ साली उभारलेल्या 'सेवा' संघटनेचे मोठे काम होते. मजुरी करणे कमीपणाचे नाही. पण मजूर आणि मालाची मालकीण यांच्यात अंतर किती? माझ्या अनुभवाने सांगते, एका वहीचे. जी बाई आपल्या मालाचा हिशेब स्वतः लिहिते आणि घेणाऱ्याशी स्वतः बोलते, ती मालकीण. मग ती चटईवर बसून काम करीत असली तरी.

याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते दागिन्यांचे नाही, पापडांचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी दारोदार विकली नाहीत, भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. म्हणजे त्यांचे पहिले गिऱ्हाईकच घाऊक होते. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांना ८० रुपये देणारे छगनलाल पारेख यांनी सांगितले की प्रत एकच ठेवा, ती कधी उतरू देऊ नका, आणि हिशेब चोख ठेवा. तेच पुढे 'लिज्जत' झाले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ओळखीचा व्यापारी, एकच प्रत आणि चोख हिशेब, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. माझे पुढचे सगळे भाषण यांच्याभोवतीच आहे.

आता गिऱ्हाईक शोधायचे कोठे? आपल्याला वाटते, मुंबईला जावे, मोठ्या पेढीत शिरावे. मी सांगते, उलटे चाला. आपल्या गावातल्या बांगडीच्या किंवा लेडीज साहित्याच्या दुकानात जा. दुपारी जा, गर्दी नसताना. बाजाराच्या दिवशी मुळीच जाऊ नका. आपल्या मालासारखा माल पाहा, भाव विचारा, आणि मग अदबीने विचारा, "काका, हा माल आपण कोठून भरता?" दुकानदार सांगतो. कोणी अकोल्याहून भरतो, कोणी जळगावहून, कोणी नागपूरच्या इतवारीतून, कोणी हैदराबादेस चारमिनारजवळच्या लाड बाजारातून, तर कोणी मुंबईच्या भुलेश्वरातून. चार दुकानांत विचारले की चार नावे मिळतात, आणि त्यांतली दोन सारखी निघतात. ते तुमचे गिऱ्हाईक. त्याचा माल आपल्या गावात खपतो, एवढे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे.

पण त्याच्याकडे जाण्याआधी गावातल्या त्याच दुकानदाराला एक डझन माल द्या. त्याचा एक डझन तुम्हाला जे शिकवील ते मी भाषणात शिकवू शकणार नाही. कोणता रंग आठ दिवसांत गेला, कोणता तसाच राहिला, कोणाचा खडा निखळला, कोणते माप कमी पडले, हे त्याच्या गल्ल्यावर कळते. मापाचेच पाहा. बांगडीचे माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे बोलतात. इंचाचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. म्हणून दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच आणि दोन-आठ म्हणजे अडीच. माझ्या पहिल्या लॉटमध्ये मी माझ्याच हाताच्या मापाच्या बांगड्या केल्या होत्या. दुकानदार हसला आणि म्हणाला, "बेटी, गावात काय तू एकटीच राहतेस?"

जवळची आणखी गिऱ्हाइके आपल्या नजरेतून सुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकेक घर पन्नास-शंभर सारखी वाणे घेते. एका गल्लीत अशी दहा घरे असली तर ते घाऊक काम नव्हे तर काय? शाळांच्या स्नेहसंमेलनांना पोशाख भाड्याने देणारा ड्रेपरीवाला दर वर्षी नाचाचे दागिने नव्याने भरतो, कारण मुले ते तोडतात. मेंदी काढणाऱ्या आणि नवरी सजविणाऱ्या बायकांना हळदीच्या विधीसाठी फुलांचे, मण्यांचे, गोट्याचे दागिने लागतात. चाँद रातीला खामगाव, मलकापूर, चिखली येथील बाजारात बांगडीवाल्यांना बोलायला सवड नसते. ही सगळी माणसे तासाभराच्या बसच्या अंतरावर आहेत.

मात्र वेळ साधली पाहिजे. घाऊकवाला सणाच्या दिवशी माल घेत नाही, सणाच्या कितीतरी आधी घेतो. दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदात ठरतो. लग्नसराईचा माल तुळशीच्या लग्नाआधी दाखवावा लागतो. ईदचा माल रमजान लागण्याच्या आधीच दुकानात पोहोचलेला हवा. शिवाय ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. म्हणून माझ्या भिंतीवर दोन्ही कॅलेंडरे असतात, आणि प्रत्येक सणाच्या दोन महिने आधीच्या तारखेवर लाल खूण असते.

आता भावाविषयी. येथेच आपल्या बायका स्वतःचा गळा स्वतः कापतात. समजा, रेशमी दोऱ्याच्या बांगड्यांचा एक जोड आहे. त्याला कडी १२ रुपयांची, दोरा ८, खडे व साखळी १४, चिकटविण्याचा गम २ आणि डबी ४, असे ४० रुपये लागले. करायला सव्वा तास लागला. तासाचे ४० रुपये धरले तर मजुरी ५०. तुटफूट, नमुने आणि बसचे भाडे मिळून ८. हे झाले ९८. त्यावर १२ रुपये नफा ठेवला तर घाऊक भाव ११०. दुकानदार तो जोड २०० च्या आसपास विकणार, कारण त्याला दुकानाचे भाडे आहे, नोकर आहे, आणि न खपलेला मालही त्याच्याच अंगावर पडतो.

आपण काय करतो? शेजारणीला तोच जोड १०० रुपयांना देतो, आणि ६० रुपये सुटले म्हणून खूश होतो. आपली मजुरी आपण धरीतच नाही, कारण ती आपल्याला कोणी कधी दिलेलीच नाही. मग घाऊकवाला आला, त्याने विचारले की बाहेर काय भाव आहे, आपण १०० सांगितले, की तो ६० रुपये देऊ करतो. ६० मधून ४० चा माल आणि ८ चा खर्च गेला. उरले १२ रुपये, सव्वा तासाच्या कामाचे. म्हणजे तासाला दहा रुपयेही पडले नाहीत. तेव्हा बायका म्हणतात, घाऊकवाले लुटतात. बाईसाहेब, भाव आपणच लावला होता.

म्हणून नियम असा की घाऊक भाव आधी काढावा आणि किरकोळ भाव त्यावरून ठरवावा. एकदा दुकानदाराला माल दिला की त्याच्या शेजारी बसून त्याच्यापेक्षा स्वस्त विकू नये. तो पुन्हा उभे करीत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. जर २०० रुपये भाव आपल्या बाजाराला झेपत नसेल, तर दागिना बदलावा, मजुरी कापू नये. चार कड्यांऐवजी दोन घ्या, सव्वा तासाचे काम अर्ध्या तासावर आणा. डोळे एकदाच मिळतात.

आता माझी चूक सांगते. ही गोष्ट मी सहसा सांगत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, मी माल घेऊन एका मोठ्या शहरात गेले होते. तेथल्या एका घाऊक दुकानदाराने माल पाहिला आणि म्हणाला, "बहेनजी, चाळीस डझन जोड द्या. जांगड ठेवतो. खपतील तसे पैसे." नव्या मुलींना जांगड शब्द ठाऊक नसेल. जांगड म्हणजे पसंतीवर ठेवलेला माल. विकला तर पैसे, नाहीतर माल परत. मला आनंदाने काही सुचेना. चिठ्ठी मागायची लाज वाटली. एवढा मोठा माणूस, त्याच्याकडे कागद कसा मागावा? आठ बायकांनी दोन महिने रात्रंदिवस बसून तो माल पुरा केला. मी तो पोहोचविला आणि घरी आले.

तीन महिने गेले. फोन केला की, "अजून खपला नाही." शेवटी मीच गेले. खोक्यात निम्मा माल होता. तोही काचेच्या कपाटात उन्हाला ठेवलेला, रंग उडालेला. बाकीचा कोठे गेला, ते कोणी सांगेना. माझ्या हातात कागद नव्हता. किती दिले, कधी दिले, काय भावाने दिले, काहीच दाखविता येईना. जे हातावर ठेवले त्यात दोऱ्याचेही पैसे निघाले नाहीत. आणि खरे सांगायचे तर सारा दोष त्याचाही नव्हता. मी दोरा तीन वेळा तीन ठिकाणांहून आणला होता. एकाच हिरव्याच्या तीन छटा झाल्या होत्या. त्याने त्या माझ्यासमोर मांडल्या, तेव्हा मी खाली पाहिले.

आठ बायकांची मजुरी देणे होते. एकीने त्या पैशांवर मुलाची फी ठरविली होती. मी अम्मीचे चांदीचे तोडे घेऊन खामगावच्या सराफ्यात गेले. सराफाने तोडे तराजूत घातले, वजन मोठ्याने वाचले, कागदावर वजन लिहिले, भाव लिहिला, तारीख घातली, सही केली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी पायऱ्या उतरले आणि तेथेच उभी राहिले. जी वस्तू मी रडत मोडायला आणली होती, तिला चिठ्ठी मिळाली. आणि ज्या मालासाठी आठ घरांनी डोळे ताणले, त्याला चिठ्ठी नव्हती. कारण ती मी मागितलीच नव्हती.

त्या दिवसापासून मी चिठ्ठीशिवाय एक नगही देत नाही. अगदी भाचीच्या दुकानातसुद्धा. चिठ्ठीवर पाच गोष्टी असतात : नमुन्याचा क्रमांक, नग, भाव, तारीख आणि पैसे देण्याचा दिवस. खाली घेणाऱ्याची सही. जो सही करायला कुरकुरतो तो पैसे द्यायलाही कुरकुरणार, हे आधीच कळते आणि ते फुकटात कळते. पहिला व्यवहार लहान करावा आणि रोखीने करावा. दुसऱ्याला निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, म्हणजे निदान दोरा-खड्यांचे निघतात. उधारी तिसऱ्या खेपेला. जांगड द्यायचेच तर गमावले तरी घर बसणार नाही एवढेच द्यावे, आणि मुदत लिहून घ्यावी.

या बाबतीत कायदाही आपल्या बाजूला आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा असे सांगतो की लहान उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. २०२० पासून ती आधार क्रमांकावर होते आणि तिला सरकारी फी नाही. फी मागणारे मध्यस्थ भेटतील, त्यांना नमस्कार करावा. कराचे म्हणाल तर काचेच्या बांगड्यांवर वस्तू व सेवा कर नाही, नकली दागिन्यांवर ३ टक्के आहे. केवळ मालाचा धंदा करणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाख रुपये होईपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल विकताना मात्र नियम निराळे लागतात, म्हणून अशी मागणी आली की आधी कर सल्लागाराला विचारावे.

सरकारी आणि निमसरकारी दारेही ठोठवावीत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ ची. 'उमेद' अभियानातील बचत गटांना मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनात गाळा मिळू शकतो. पण प्रदर्शनात जाऊन चार दिवसांचा गल्ला मोजून परत येऊ नका. गाळ्यावर जो थांबतो, माल उलटा करून मागची बाजू पाहतो आणि "महिन्याला किती देऊ शकाल?" असे विचारतो, त्याचे नाव आणि नंबर वहीत लिहा. प्रदर्शनाची खरी कमाई ती. पुढे हात बसला की दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे वर्षातून दोनदा हस्तकलेच्या निर्यातीचा मोठा मेळा भरतो, त्याचाही विचार करता येईल. परदेशी घेणारा नक्षीआधी धातूत निकेल, शिसे, कॅडमियम किती, असे विचारतो. त्याची तयारी असल्याशिवाय तेथे जाऊ नये.

धातूवरून आठवले. आपल्या जिल्ह्यात खामगावची चांदी दूरवर प्रसिद्ध आहे. लोक तिला नक्षीसाठी कमी आणि शुद्धतेसाठी जास्त नावाजतात. ज्या जिल्ह्याचे नाव शुद्ध चांदीने झाले, तेथल्या मुलींनी जर्मन सिल्व्हरला चांदी म्हणून विकू नये. जर्मन सिल्व्हरमध्ये नाव सोडले तर चांदी मुळीच नसते. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि निकेलने पुष्कळांच्या कानांना खाज सुटते. जे आहे ते चिठ्ठीवर लिहावे. लाख असेल तर लाख, काच असेल तर काच, प्लॅस्टिकचा मणी असेल तर प्लॅस्टिक. खोट्या मोत्याला खोटे म्हणून विकण्यात लाज नाही. लाज आहे ती त्याला खरे म्हणण्यात.

शेवटची गोष्ट एकीची. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात हुपरी नावाचे गाव आहे. चांदीच्या पैंजणांसाठी ते देशभर ओळखले जाते. तेथे एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात कड्या करतात, तिसऱ्या घरात जोडकाम, चौथ्यात चकाकी. व्यापारी हुपरीचे नाव घेऊन येतो. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही कोण्या एका कारागिराला नव्हे. आणि दूर कशाला? १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठी. एका शेतकऱ्याच्या गाडीभर कापसासाठी कोणी रूळ टाकले नसते. माल एके ठिकाणी भरपूर असला, निवडलेला असला, की घेणारा स्वतःचा रस्ता करून येतो.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. संस्थेने मुलींसाठी नमुन्यांची एक पेटी ठेवावी. प्रत्येक मुलीचा उत्तम नमुना त्यात असावा, त्याला क्रमांक असावा, घाऊक भाव असावा, आणि आठवड्यात किती नग होतील ते लिहिलेले असावे. ती पेटी घेऊन दोन मुली आणि एक शिक्षिका महिन्यातून एकदा बाजारात जावी. वीस मुली मिळून एकच हिरवा दोरा एकाच ठिकाणाहून एकदम घ्यावा, म्हणजे माझ्यासारखी खाली पाहण्याची वेळ कोणावर येणार नाही. आणि गणिताच्या तासाला नफा-तोट्याचे उदाहरण आंब्याच्या पेटीचे घालतात, ते एकदा बांगड्यांच्या जोडाचे घालावे. मुलीने आपल्या मालाचे बिल स्वतःच्या अक्षरात लिहावे. भाषा मराठी असो वा उर्दू, आकडा चुकता कामा नये.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही. बेटी, उद्या दुपारी एकच नमुना घे. सहा नग अगदी सारखे कर. भाव वहीत काढ, त्यात तुझी मजुरी धर. मग अम्मीला बरोबर घेऊन बाजारातल्या एका दुकानात जा. एकटी जाऊ नकोस. अम्मीला घे, कारण दुकानदाराने चिठ्ठीवर सही करताना तिने पाहिले पाहिजे. तो नाही म्हणाला तर का नाही म्हणाला ते वहीत लिही आणि पुढच्या दुकानात जा. मला माझे पहिले कायमचे गिऱ्हाईक सातव्या दुकानात मिळाले. ते आजही माल घेते.

अम्मीचे तोडे पुढे दोन वर्षांनी मी परत करून घेतले. तेच नव्हेत, तशाच घडणीचे, तेवढ्याच वजनाचे. वजन मला पाठ होते, कारण चिठ्ठी मी जपून ठेवली होती.